पोरगी मैदानात पडली, घड्याळाचं काय करायचं?

सॉफ्टबॉलला खरं तर घड्याळच नाही. सात इनिंगचा खेळ (एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग), कबड्डीसारखा वीस-वीस मिनिटांचा हिशोब नाही. पण आपल्याकडं सांगलीत एकाच ग्राउंडवर सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाच-सहा मॅच बसवायच्या म्हटल्यावर आयोजक टाईम लिमिट लावतात, ७५ मिनिटं नाहीतर ९०, आणि त्यानंतर नवी इनिंग नाही. म्हणजे हे घड्याळ आपणच आणलेलं आहे, त्यामुळं कुणाला जोरात लागलं तर त्याचं काय करायचं हे पण आपणच ठरवायचं असतं, आणि ते बहुतेक जण ठरवतच नाहीत.

मी पण ठरवलं नव्हतं. चौदा वर्षांखालच्या पोरींची मॅच होती, स्कोअर आणि वेळ धरायला टेबलावर मीच. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डर) आणि लेफ्ट फिल्डरच्या मधे उंच कॅच आला, दोघी पळाल्या, ‘माय बॉल’ कुणीच ओरडलं नाही, आणि एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर आदळलं. पोरगी पडली ती उठेना. मी स्कोअरशीट टाकून पळालो, मोबाईलचा स्टॉपवॉच टेबलावर तसाच चालू. तेरा-चौदा मिनिटांनी ती उठून बसली, तिला बाहेर नेलं, आम्ही परत खेळायला उभे राहिलो तोवर वेळ संपलेला. मागं असलेल्या टीमचे कोच टेबलावर आले, ‘सर, आमची एक इनिंग गेली की हो’, पुढं असलेले म्हणतात घड्याळ म्हणजे घड्याळ. हे भांडण चाललेलं आणि पलीकडं पोरीचे वडील बर्फ मागत होते, कुणाचं लक्ष नाही. लई लाज वाटली त्या दिवशी. तेव्हापासून जे करतोय ते सांगतो.

मॅचच्या आधी प्लेट अंपायर दोन्ही कोचना होमप्लेटजवळ, म्हणजे बॅटर उभी राहते तिथं, बोलावतात ना, ग्राउंडचे नियम सांगायला, तिथंच एक मिनिट जास्त घ्या आणि तीन गोष्टी बोलून टाका. वेळ कुणाच्या घड्याळावर धरायची, कुठल्या दुखापतीला वेळ थांबणार, आणि मॅच पूर्णच होऊ शकली नाही तर काय. आधी बोललेलं असलं की कुणी हुज्जत घालत नाही, कारण तेव्हा कुणाला माहीत नसतं की फायदा आपला होणार का समोरच्याचा.

घड्याळ मनगटातलं घ्या, मोबाईल नको. मोबाईलवर नेमका त्याच वेळी फोन येतो, नाहीतर घामाच्या बोटानं भलतंच बटण दाबलं जातं. आणि माझं ऐकाल तर स्टॉपवॉच लावूच नका. थांबवलेला स्टॉपवॉच परत चालू करायला माणूस हमखास विसरतो, मग अंदाजपंचे. त्यापेक्षा सरळ घड्याळातली वेळ लिहायची. समजा मॅच १०:०५ ला सुरू झाली, लिमिट ७५ मिनिटं, म्हणजे ११:२० नंतर नवी इनिंग नाही. १०:४१ ला अंपायरनं ‘टाईम’ दिला, १०:५७ ला परत ‘प्ले’ म्हणाले. सोळा मिनिटं गेली, ११:२० च्या जागी ११:३६. एवढंच. हे स्कोअरशीटच्या कडेला पेननं लिहायचं, अंपायरची छोटी सही घ्यायची आणि दोन्ही डगआऊटला (टीम बसते तिथं) जाऊन मोठ्यानं सांगायचं, ‘नवी वेळ अकरा छत्तीस’. खेळ परत सुरू व्हायच्या आधी सांगायचं हां, नंतर नाही.

आता कशाला वेळ थांबवायची. गुडघा खरचटला, बोटाला बॉल लागला, पोरगी हात झटकत उभी आहे, तर घड्याळ चालू राहू द्या, नाहीतर बेसवर घसरत गेलेल्या प्रत्येक स्लाईडनंतर कुणीतरी पाय धरून बसेल. पुढं असलेली टीम बुटाची लेस बांधायला पण तीन मिनिटं घेते, सगळं बघितलंय. आमची रेघ अशी आहे की डोक्याला, मानेला, तोंडावर किंवा छातीवर मार, हाड मोडल्याचा संशय, उन्हानं चक्कर येऊन पडणं, किंवा दोन मिनिटांत स्वतःच्या पायावर बाहेर जाता येत नाही, यातलं काही असेल तर वेळ थांबली. आणि थांबली ती अंपायरच्या पहिल्या ‘टाईम’पासून. दोन मिनिटं वाट बघून मग कळलं की जोरात लागलंय, तरी ती दोन मिनिटं पण परत द्यायची. म्हणून कुणीही पडलं की आधी वेळ लिहून ठेवायची, लागली नाही तर काट मारता येते.

चालू बॉलवर लागलं तर कोच लोक गोंधळतात. साधी दुखापत असेल तर अंपायर प्ले संपू देतात, मग टाईम. पण पिचरच्या (बॉल टाकणारीच्या) तोंडावर सरळ फटका बसला आणि ती खाली कोसळली तर अंपायर तिथंच खेळ थांबवू शकतात, आणि रनर कुठल्या बेसपर्यंत गेली असती ते स्वतःच्या अंदाजानं देतात. म्हणून रनरला पळवत बसायची गरज नाही आणि ‘आमचा रन गेला’ म्हणून ओरडायची पण नाही. या वयात हा धोका जास्त, कारण पिचर प्लेटच्या जवळ असते आणि तोंडाला मास्क लावलेल्या पोरी आपल्याकडं मोजक्याच दिसतात. मास्क घ्या बाबांनो, बॅटवर खर्च करता तर यावर पण करा.

वेळ थांबली की टेबलावरच्या माणसानं एवढंच लिहून काढायचं: कितवी इनिंग, किती आऊट, बॅटर कोण, बॉल-स्ट्राईक किती, कुठल्या बेसवर कोण. पंधरा मिनिटांनी यातलं काहीच कुणाला आठवत नसतं, किंवा प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं.

मैदानात कोच आणि फर्स्ट एडवाला, बास. मानेला लागल्याची शंका असेल तर हलवायचं नाही, उचलायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही. ‘उठ उठ, काय नाही झालं’ हे तर अजिबात नाही. १०८ ला फोन लावायचा, ग्राउंडचं नाव आणि कुठल्या गेटनं यायचं ते सांगायचं, आणि एक पोरगा रस्त्यावर उभा करायचा. गेटात लावलेल्या गाड्या आधीच काढून घ्या, आमच्याकडं एकदा रुग्णवाहिका गेटाबाहेर उभी आणि आत बुलेटवाल्याचा शोध चाललेला. छातीवर बॉल बसून पोरगी कोसळली, हाक मारली तर उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर गाडीची वाट न बघता लगेच सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) सुरू करायचा, अशा फटक्यानं हृदय बंद पडू शकतं.

डोक्याचा मार असेल तर ती पोरगी त्या दिवशी परत खेळत नाही. तपासायला नीट दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून तपासणी लाईनच्या बाहेर सावलीत, आत बदली खेळाडू. एकदा हे पक्कं केलं की ‘बघू पाच मिनिटांत, मग येईल ती’ असं घासाघीस करत घड्याळ अडवून ठेवायचं कारणच राहत नाही. मानेचा संशय असेल आणि हलवताच येत नसेल तर मात्र सगळे थांबतात, कितीही वेळ लागो.

घड्याळ परत कधी चालू? पोरगी बाहेर गेली म्हणून लगेच नाही, अंपायर ‘प्ले’ म्हणाले की मग. पिचर बदलली तर नव्या पिचरचा वॉर्मअप पण थांबलेल्या वेळात. आणि मैत्रीण गाडीतून गेलेली बघून बाकीच्या पोरी रडत असतात, त्यांना पाणी प्यायला, दोन-चार थ्रो मारायला वेळ द्या, तो पण थांबलेलाच. रडत्या डोळ्यांनी फिल्डिंगला उभी केली तर पुढचा बॉल तिच्या तोंडावर.

मॅच पुढं होऊच शकली नाही तर पाच इनिंग झाल्या असतील तर साधारण निकाल धरतात, होम टीम (नंतर बॅटिंग करणारी) पुढं असेल तर साडेचार. त्याच्या आत असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणापासून पुढं खेळवतो, तेच आऊट, तोच बॉल-स्ट्राईकचा काऊंट, म्हणून वर सांगितलेलं लिहून ठेवणं. बदली खेळाडूच नसेल तर आठ जणींवर खेळू द्यायचं का, हे पण सकाळीच विचारून घ्या, प्रत्येक टूर्नामेंटचं वेगळं असतं.

राहिला प्रश्न पुढच्या मॅचचा. सोळा मिनिटं उशीर झाला की आयोजक घाईला येतात, ‘सर, ही मॅच आटपा, जेवायचं आहे, उजेड जाईल’. चालू मॅचमधून एक मिनिट पण कापू देऊ नका. जेवणाच्या सुट्टीतून घ्या, नाहीतर पुढच्या मॅचचं लिमिट कमी करा, पण ती सुरू व्हायच्या आधी आणि तिच्या दोन्ही कोचच्या सह्या घेऊन. आम्ही आता दर तिसऱ्या मॅचनंतर वीस मिनिटं मोकळीच सोडतो. काही झालं नाही तर पोरं चहा पितात.