क्लबच्या दारावर उभे राहताना

नागपुरात सदर, धरमपेठ किंवा वर्धा मार्गावरील एखाद्या क्लबच्या दारावर सुरक्षा अभिकरणामार्फत काम करायचे असेल, तर २००५ चा खासगी सुरक्षा अभिकरण कायदा आधी समजून घ्यावा. त्यानुसार रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षे असावे लागते व ठरलेले प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आत येणाऱ्याच्या ओळखपत्रावरील जन्मतारीख प्रत्येक वेळी वाचावी, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधू नये.

खरी कसोटी लागते ती नकार देताना. मित्रांसमोर अडवला गेलेला तरुण मद्यापेक्षा अपमानानेच अधिक पेटतो, म्हणून त्याला ‘भाऊ, जरा इकडे या’ असे म्हणून रांगेपासून दोन पावले बाजूला घ्यावे, हातभराहून थोडे अधिक अंतर राखून किंचित तिरके उभे राहावे, तळवे उघडे ठेवावेत आणि कारण हळू आवाजात एकदाच सांगून घरी जाण्यासाठी गाडी बोलावून देण्याची तयारी दाखवावी. त्याच्या आवाजावर आपला आवाज चढवणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते, कारण त्यानंतर माघार घेणे दोघांनाही जड जाते. त्याच्यासोबत एखादा शुद्धीवरचा मित्र असल्यास त्याच्याशी बोलावे. पुष्कळदा तोच त्याला घेऊन जातो.

रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. स्वसंरक्षणातही गरजेपुरतेच बळ वापरता येते, तेव्हा शस्त्र दिसताच दार बंद करून ११२ वर कळवावे. महिलांची झडती महिला रक्षकानेच घ्यावी. घडलेला प्रकार वेळेसह त्याच रात्री नोंदवहीत लिहावा.