लांब गिअर, दबलेला एक्झॉस्ट: केमन जीटी४ घेतल्यावर या चुका टाळा

पोर्शची ७१८ केमन जीटी४ माझ्याकडे येऊन दोन वर्षं झाली, सेकंडहँड घेतलेली, सहा गिअरची मॅन्युअल. ४ लिटरचं टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, ४२० पीएस, रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरवायची वरची हद्द, ८००० आरपीएमला (मिनिटाला ८००० फेऱ्या). नागपुरात अशी गाडी असली की पेट्रोल पंपावर, सिग्नलवर, लग्नात, सगळीकडे दोनच प्रश्न येतात, किती पळते आणि आवाज काहून नाही वाढवला अजून. आणि ज्यांनी नवीन नवीन घेतली त्यांच्या तक्रारीपण दोनच असतात, गिअर फार लांब आहेत, म्हणजे एकाच गिअरमध्ये गाडी फार मोठ्या स्पीडपर्यंत जाते, आणि एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपाचा, आवाज दबलेला वाटतो.

या दोन्ही तक्रारी मी स्वतः केल्यात, एकीपायी पैसेही घालवलेत, आणि आता माझं ठाम मत झालंय की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. कोणत्या स्पीडला इंजिन किती आरपीएमवर फिरणार हे गिअर ठरवतो, त्या आरपीएमला काय ऐकू येणार हे इंजिन आणि पाइप ठरवतात, म्हणजे रोज कानावर पडणारा अर्धा आवाज तर गिअरबॉक्सच ठरवून राहिला आहे. हे लक्षात न घेता एकाला हात लावला की दुसरं बिघडतं.

हिशोब न करता गिअरला नावं ठेवणं

आधी कागद घ्या. दुसऱ्या गिअरचा रेशो १.९५, फायनल ड्राइव्ह (चाकाआधीची शेवटची गिअरजोडी) ३.८९, गुणाकार साधारण ७.६, म्हणजे इंजिन ७.६ वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. मागचा टायर २९५/३०, २० इंची, एका फेरीत साधारण २.१ मीटर जातो. ८००० आरपीएमला याचे होतात ताशी १३० च्या वर किलोमीटर, आणि हे फक्त दुसऱ्या गिअरमध्ये! तिसरा १८० च्या पुढे जातो. आपल्या समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, म्हणजे कायद्यात राहून दुसरा गिअरसुद्धा पूर्ण संपत नाही.

यावर लोक दोन प्रकारे चुकतात. एक तर रेडलाइन ऐकायचीच म्हणून रस्त्यावर तिच्या मागे लागतात, ते करू नका, तिथे पोचेपर्यंत स्पीड कुठे गेला हे कळतच नाही कारण गाडी इतकी स्थिर असते, रेडलाइनची हौस ट्रॅकवरच भागवायची. दुसरे लोक उलट करतात, आवाज नको म्हणून पन्नासलाच सहावा टाकतात. सहाव्यात १००० आरपीएमला साधारण ४० किमी, म्हणजे पन्नासला इंजिन १२५० वर, मग पुढे ट्रक आला की तसंच पाय दाबतात आणि गाडी थरथरत गुरगुरते आणि मग म्हणतात पिकअप नाही. पिकअप आहे हो, तो ५००० ते ६८०० मध्ये भरलाय, टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ४२० एनएम तिथेच मिळतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये ही पट्टी साधारण ८३ ते ११३ किमीची आहे. शिवमडक्याहून समृद्धीवर चढताना रॅम्पवरून मेन लेनला येण्याचं जे अंतर असतं ना, या गाडीचा दुसरा गिअर जणू त्याच्यासाठीच बनवलाय, मागे रस्ता मोकळा पाहायचा, ५००० च्या वर सुई जाऊ द्यायची, इंजिनचा सूर जाड्याचा बारीक होत जातो आणि ११० ला सरळ वरचे गिअर टाकून शांत व्हायचं. मी हे शिकले तेव्हापासून लांब गिअरची तक्रार बंद झाली.

सीताबर्डीच्या गर्दीत मात्र लांब पहिला गिअर खरोखर त्रास देतो आणि तिथे क्लच जळतो. आयडलवर, म्हणजे रेस न देता, क्लच पूर्ण सोडला तरी गाडी ताशी ७-८ किमीने सरकते, व्हरायटी चौकात ट्रॅफिक त्याच्यापेक्षा हळू असतो, मग माणूस अर्धा क्लच धरून रेंगाळतो आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला तो करपलेला वास येतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून सरका, पुन्हा थांबा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.

जो बिघाड नाही त्याला बिघाड समजणं

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिला मिनिटभर आरपीएम वर राहतं आणि आवाज मोठा येतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) लवकर तापावा म्हणून इंजिन स्वतःच ठिणगी थोडी उशिरा पाडतं आणि आयडल वाढवतं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. चूक ही की शेजाऱ्यांच्या लाजेने लोक लगेच बंद करतात, किंवा कुणाला दाखवायचं म्हणून थंड्यातच रेस करतात. आमच्या धरमपेठच्या गल्लीत समोरच्या काकूंनी मला स्पष्ट सांगितलं की बाई सहाच्या आधी नको, त्यांचं बरोबरच होतं, आता मी सुरू करते आणि लगेच हळू निघते, आणि ऑइल टेम्परेचर ८० च्या वर जाईपर्यंत ४००० ओलांडत नाही. उन्हाळ्यात कूलंट पटकन तापतं म्हणून इंजिन तापलं असं समजू नका, ऑइल नंतर तापतं, डिस्प्लेत ऑइलचा आकडा वेगळा दिसतो तो पाहा.

दुसरी गोष्ट नवीन मालकांना फार घाबरवते. सहाव्यात आरामात चालवताना साधारण १६०० ते ३००० च्या मध्ये आवाज एकदम बदलतो, एक बाजू गेल्यासारखा जाड आणि कोरडा होतो. मीसुद्धा घाबरून गाडी बाजूला घेतली होती. हे इंजिन कमी लोडवर पेट्रोल वाचवायला सहापैकी तीन सिलिंडरचं, म्हणजे एका बाजूच्या रांगेचं (बँकेचं) पेट्रोल बंद करतं, आणि दोन्हीकडचे कॅट गरम राहावे म्हणून बँक आलटून पालटून बंद करतं. तपासायचं असेल तर एक गिअर खाली घ्या, ३००० च्या वर गेल्यावर आवाज पूर्ववत झाला तर गाडी ठणठणीत आहे. तसाच राहिला, आयडललाही अडखळली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, तर मात्र तो मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट संपतो.

आणि आवाज कुठे ऐकला याचाही विचार करा बरं. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर, वर मेट्रो आणि मध्ये आपण, ३ किलोमीटरच्या वर लांब तो पूल, तिथे कोणतीही गाडी गर्जते कारण आवाज वरच्या काँक्रीटवर आपटून परत येतो. तिथे मित्राची गाडी ऐकून आपला एक्झॉस्ट बदलायचं ठरवणारे मला दोघं तरी माहीत आहेत. मोकळ्या रस्त्यावर, काचा बंद करून, तुम्ही रोज ज्या स्पीडला जाता त्या स्पीडला ऐका.

एक्झॉस्ट बदलणं, आणि इथेच मी चुकले

या गाडीचा आवाज दबलेला वाटण्याचं एक खरं कारण आहे, युरोपातल्या उत्सर्जनाच्या नियमांसाठी या पिढीत पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर आला, तो काजळी अडवतो आणि सोबत आवाजाची धारही खातो. मला ती धार परत पाहिजे होती. शहरातल्याच एका दुकानात गेले, नाव घेत नाही, तिथले मिस्त्री भाऊ म्हणाले, "ताई, फिल्टरला हात नाही लावत, फक्त मागचा मफलर मोकळा करतो, मग पाहा कशी गर्जते ते." गर्जली, खरंच गर्जली, पहिले चार दिवस मी कारण नसताना गाडी काढून फुटाळ्यापर्यंत जाऊन येत होते.

पाचव्या दिवशी बाबांना घेऊन शिर्डीला निघाले. समृद्धीवर ११५-१२० ला क्रूझ लावला आणि दहाच मिनिटांत कानात असा घुमारा भरला की बोलणं ऐकू येईना, पिंपात डोकं घालून कुणी एकच सूर धरून ठेवावा तसं. कप होल्डरमधल्या पाण्याच्या बाटलीवर बारीक तरंग उठून राहिले होते. बाबा काही बोलले नाहीत, पण वर्ध्याच्या पुढे त्यांनी रुमाल काढून कानाला बांधला, मला ते पाहवलं नाही.

मग मी हिशोब केला, जो आधी करायला पाहिजे होता. सहाव्यात १२० म्हणजे ३००० आरपीएम. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला १५०. नेमका या पट्टीतला जाड सूर बंद केबिनमध्ये घुमतो, आणि कंपनीचा मफलर तो गिळून टाकत होता, तोच आम्ही काढून टाकला. गिअर छोटे असते तर १२० ला आरपीएम वर गेलं असतं आणि घुमारा दुसऱ्या स्पीडला आला असता. म्हणून म्हणते, एक्झॉस्ट घ्यायच्या आधी आपला क्रूझिंग स्पीड कोणत्या आरपीएमला पडतो ते काढा, आणि दुकानदाराला सरळ विचारा की त्या आरपीएमला दहा मिनिटं सलग चालवलेली गाडी मला ऐकवा. उभ्या गाडीत रेस करून दाखवतात त्यावर एक रुपया देऊ नका.

उपाय म्हणून बाजूला बंद तोंडाचा पाइप जोडतात, त्याची लांबी त्या सुराच्या लहरीच्या पावपट ठेवायची. ३०० डिग्रीच्या गरम वायूत आवाज सेकंदाला साधारण ४८० मीटर जातो, १५० ने भागलं की ३.२ मीटरची लहर, पावपट म्हणजे ८० सेंटीमीटर. पुढे इंजिन असलेल्या गाडीत हे जमतं, आपल्या गाडीत इंजिन सीटच्या मागे असतं, तिथे एवढी नळी नीट बसवायला जागाच मिळत नाही. मी जुना मफलर परत लावला. तो मी फेकला नव्हता, तुम्हीही फेकू नका, विकू नका.

कायद्याचंही बोलायला पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालत नाहीत, आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० पर्यंत आणि सोबत लायसन्सपण अडकू शकतं. फिल्टर किंवा कॅट कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. मोबाइलच्या अॅपवर डेसिबल मोजून "लिमिटमध्ये आहे" म्हणणंही बंद करा, खरी उभ्या गाडीची टेस्ट पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात माइक ठेवून, ठरलेल्या आरपीएमला होते.

फायनल ड्राइव्ह बदलून गिअर छोटे करतात बाहेरदेशी, ८ टक्के केले तर दुसरा १२३ ला संपेल आणि सहाव्यात १२० ला ३२४० आरपीएम होईल. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उघडायचा, वॉरंटी घालवायची? माझ्या मते नाही.

काम करून आणलं आणि टिकटिक लागली

मफलर काढून परत लावला की ही हमखास येते. थंड असताना टिकटिक, गरम झाल्यावर गायब, तर जॉइंट गळतोय, धातू तापून फुगला की फट बंद होते म्हणून आवाज जातो. ठोकळ्यांवर घेतलेल्या थंड गाडीत जॉइंटभोवती काळी काजळीची रेघ पाहा, मग गाडी सुरू करून साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे फट. हे पहिल्या एक-दोन मिनिटांतच उरकायचं, नंतर हात जवळ नेऊ नका. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल सोडतं, अॅव्हरेज पडतं. स्कॅनरवर पी ०४२० किंवा पी ०४३० (कॅट नीट काम करत नाही असं सांगणारे कोड) आला की लगेच महागडा कॅट बदलू नका, आधी गळती बघा.

ठरावीक आरपीएमलाच पत्र्याचा फडफड आवाज आला तर तो बहुतेक हीटशील्डचा (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा) सैल स्क्रू असतो. आणि परत लावलेले क्लॅम्प ५०० किमीनंतर एकदा पुन्हा टाइट करून घ्या, माझा डावीकडचा तेवढ्यातच ढिला झाला होता.