राग ऐकून कविता लिहायचीय? मग मोर आणि चंद्र जरा बाजूला ठेवा

मल्हार ऐकला की मोर, यमन ऐकला की चांदणं, भैरव ऐकला की धुकं आणि देवळातली घंटा. शास्त्रीय संगीत ऐकून कविता करणारे आपण बहुतेक जण हाच माल फिरवून फिरवून वापरून राहिलो आहोत. नागपुरात तर अजूनच गंमत, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि कवितेत मात्र मंद झुळूक न् कमळं. अरे भाऊ, अंबाझरी तलावावर जाऊन बघ ना एकदा, जलपर्णी दिसेल, कमळ नाही. आणि खरं सांगू का, जलपर्णीवर जास्त चांगली कविता होते.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार समजा. रागाचा मूड पकडू नका, रागाचं वागणं पकडा. मूड सगळ्यांचा सारखाच निघतो, करुण, शांत, गंभीर, संपलं. वागणं म्हणजे हा राग कोणता सूर टाळतो, कुठे रेंगाळतो, जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्याच वाटेने येतो का, घरी परत यायला किती वेळ लावतो. आणि मग तसंच वागणारी एखादी गोष्ट तुमच्या आसपासच्या निसर्गात शोधायची. ती सापडली की तुमचं प्रतीक तयार, ते दुसऱ्या कोणाचं नसतं कारण तुम्ही जे झाड रोज बघता ते दुसऱ्याने त्या रागासोबत बघितलेलंच नसतं.

सुरुवात ऐकण्यापासून. एक राग घ्या, त्याचं एकच रेकॉर्डिंग घ्या आणि आठवडाभर तेच ऐका. यूट्यूबवर एकामागून एक दहा कलाकार लावले तर राग कळेल कदाचित, कविता येणार नाही. शक्यतो त्या रागाच्या वेळेलाच ऐका, म्हणजे वृंदावनी सारंग दुपारी, मारवा सूर्य बुडताना, मालकंस रात्री उशिरा. वेळेचं शास्त्र मानायचं की नाही हा वाद तूर्तास सोडा, फायदा असा की त्या वेळेला खिडकीबाहेर जे चाललेलं असतं ते आपोआप कानासोबत डोळ्यातही जातं. दुपारी कूलरच्या घरघरीत सारंग ऐकू येणार नाही, तेव्हा हेडफोन लावा.

गाणं शिकलेलं नसलं तरी चालतं. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून गायकासोबत नुसतं गुणगुणत बसलं तरी कळायला लागतं की गायक कुठे थांबतोय आणि कुठून काढता पाय घेतोय. सुरांची नावं हवी असतील तर गल्लीत कोणीतरी गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा देणारं पोरगं असतंच, त्याला विचारा, खुशीने सांगेल. मग वहीत साध्या भाषेत लिहा. 'विरही वाटलं' असं लिहायचं नाही, 'वर जाऊन लगेच उतरला, मधली एक पायरी कधी वापरतच नाही' असं लिहायचं.

आता निसर्गाची वही. ही वेगळी ठेवा आणि यात विशेषणं बंद, फक्त क्रियापदं. बहावा सुंदर आहे हे लिहून काय मिळालं? बहावा पानं गाळतो आणि ऐन एप्रिल-मेच्या उन्हात पिवळा लटकतो, हे कामाचं. सेमिनरी हिल्सवर साग उन्हाळ्यात उघडा होतो आणि त्याची वाळकी पानं एवढी मोठी की एक पडलं तरी कोणीतरी आल्यासारखा आवाज होतो. तांबट पक्षी भर दुपारी एकाच लयीत टुक टुक करत राहतो, सूर बदलत नाही, थकत नाही. पावशा मृगाच्या आधीपासून ओरडतो, पाऊस येवो न येवो. कडुनिंबाची फुलं झाडावर असताना नजरेत भरत नाहीत, खाली सडा पडला की मग समजतं. गोरेवाडा, तेलंगखेडी, महाराजबाग, किंवा तुमच्या फ्लॅटच्या पार्किंगमधलं एकच झाड, काहीही चालेल, अट एकच, ते तुम्ही स्वतः वरचेवर बघितलेलं पाहिजे.

मग जोड्या लावायच्या, आणि खरी मजा इथेच आहे. वृंदावनी सारंग घ्या. यात गंधार (ग) आणि धैवत (ध) नाहीतच, आणि निषाद (नी) दोन आहेत, वर चढताना शुद्ध आणि खाली उतरताना कोमल (जरा खालचा). म्हणजे तीच जागा, पण जाताना वेगळी आणि येताना वेगळी. आता तो कडुनिंब आठवा. वर असताना न दिसणारं फूल आणि खाली आल्यावर अंगणभर पांढरं झालेलं तेच फूल. झाली ना जोडी! यात 'दुपार' हा शब्दही लिहायची गरज नाही, कोणीतरी अंगण झाडतंय एवढं लिहिलं तरी पुरे. किंवा मालकंस, रिषभ (रे) आणि पंचम (प) दोन्ही नाहीत, पाचच सूर, तरी काही कमी आहे असं वाटत नाही, उलट भारदस्त वाटतो. उघडा साग बघा मग. ललितमध्ये दोन मध्यम (म) शेजारी शेजारी येतात, पंचम गायब, त्याला रात्र न् पहाट यांच्या मधली कोणती गोष्ट जुळते ते तुम्हीच शोधा, पहाटे उठावं लागेल एवढं नक्की.

मारव्याबद्दल मात्र जरा बसून बोलायला पाहिजे, कारण नागपूरचं आणि मारव्याचं नातं आहे. गायक वसंतराव देशपांडे (१९२०-१९८३) लहानाचे मोठे इथेच झाले, सुरुवातीचं शिक्षण शंकरराव सप्रे गुरुजींकडे, आणि मराठी माणसांत मारव्याचा विषय निघाला की त्यांचं नाव निघतंच. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आपण कार्यक्रमांना जातो ते त्यांच्याच नावाचं. तर मारव्यात पंचम नाही, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला न लावता बहुधा निषादाला लावतात. रिषभ कोमल, मध्यम तीव्र (जरा वरचा). पण मुख्य खोडी अशी की हा राग षड्जालाच टाळतो. षड्ज म्हणजे सा, म्हणजे घर, आणि मारवा घराच्या आजूबाजूला फिरत राहतो, रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, आत येत नाही. येतो तेव्हाही टेकल्यासारखं करून निघून जातो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला.

याला बहुतेक लोक मावळता सूर्य लावतात. लावा, पण नागपुरात राहून संध्याकाळवर लिहायला बसलं की 'संध्याकाळच्या कविता' लिहिणारे कवी ग्रेस आधीच तिथे बसलेले असतात, जागा मिळणं कठीण. त्यापेक्षा काटोल, नरखेड, वरुडकडे चला, संत्र्याच्या बागेत. मृग बहार (मृगाच्या पावसावर येणारी फुलं) धरायचा असेल तर शेतकरी एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडतो, याला ताण देणं म्हणतात. विहिरीत पाणी असलं तरी द्यायचं नाही. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. पानं सुकतात, गळतात, झाड वाढ थांबवतं, आणि मग मृगाचा पाऊस आला की ताण तुटतो आणि फुलं येतात. कधी पाऊस नीट येत नाही आणि बहार फुटतच नाही, तो भाग पण विसरू नका. आता सांगा, जे हवं ते जवळ असून मुद्दाम दूर ठेवणं, हे मारव्याचं वागणं नाही तर काय आहे?

इथून कवितेत कसं जायचं ते बघू. पहिला खर्डा साधारण असा येतो:

सांज झाली, सूर झाले कातर
क्षितिजावर केशरी पदर
मारवा दाटला डोळ्यांत
परतीची वाट झाली धूसर

वाईट नाही, पण ही कोणत्याही गावातली कोणाचीही संध्याकाळ आहे, आणि रागाचं नाव काढलं तर मागे काहीच उरत नाही. आता मारव्याचा नियमच कवितेला लावू. संत्र्याच्या बागेतला षड्ज म्हणजे पाणी. मग ठरवायचं की 'पाणी' हा शब्द टाळायचा, त्याच्या आजूबाजूने फिरायचं, आणि एकदाच, तोही जाता जाता, टेकवायचा.

मे लागला तशी बाबांनी मोटर बंद केली.
विहीर अर्धी भरलेली, तरी.
पानं वळली, मग गळली.
आई बागेकडे पाठ करून तांदूळ निवडायची.

मोटर बंद.
मामाचा फोन आला, कसे आहात.
सगळे म्हणाले, मजेत.
झाडं तेवढी खरं बोलून राहिली होती.

मोटर बंद.
मृगाच्या आदल्या रात्री बाबा उठले,
माठातलं पाणी प्यायले,
आणि अंधारात हवेचा वास घेत उभे राहिले.

यात मारवा हा शब्द नाही, संध्याकाळ नाही, सूर नाही. पाणी आलं ते झाडाला नाही, बाबांना, तेही माठातलं, आणि पाऊस आला की नाही ते सांगितलेलंच नाही. 'मोटर बंद' हा मुखडा समजा, म्हणजे बंदिशीची परत परत येणारी सुरुवातीची ओळ. ख्यालात विलंबित (संथ) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अर्ध्या मिनिटाच्या वरही चालतं, गायक कुठेही भटकतो पण मुखडा धरून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो, आणि प्रत्येक वेळी ती सम थोडी वेगळी लागते कारण मधे काहीतरी घडून गेलेलं असतं. कवितेतल्या परत येणाऱ्या ओळीचं काम तेच. पहिल्यांदा मोटर बंद म्हणजे बागेची मोटर, दुसऱ्यांदा घरातलं बोलणं बंद, तिसऱ्यांदा काय ते वाचणारा ठरवेल. ओळ परत आली आणि अर्थ तसाच राहिला तर ती ओळ काढून टाका, नुसता ठेका होऊन राहिला तो.

लयीवरून आठवलं, रूपक ताल सात मात्रांचा आणि त्याची सम 'खाली'वर (रिकाम्या मात्रेवर) असते, म्हणजे जिथे जोर अपेक्षित तिथेच रिकामं. हे कवितेत करून बघा, जिथे मुखडा यायला पाहिजे तिथे कोरी ओळ सोडा. तांबट मधेच थांबला की दुपार कशी एकदम मोठी होते, तसं होतं काहीतरी.

पाश्चात्य क्लासिकल ऐकणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे दोन जुने रस्ते आधीच पडलेले आहेत ते माहीत असलेले बरे. विवाल्डीने ऋतूंवरचे चार कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाच्या रचना) १७२५ मध्ये छापले तेव्हा सोबत सॉनेटं (चौदा ओळींच्या कविता) दिली होती आणि त्यातल्या ओळी थेट नोटेशनमध्ये जागोजागी छापल्या, वसंताच्या दुसऱ्या भागात व्हायोला (व्हायोलिनचंच जरा मोठं भावंड) चक्क धनगराच्या कुत्र्याचं भुंकणं वाजवतो. हा चित्राचा रस्ता. बीथोवनने १८०८ च्या आपल्या सहाव्या सिम्फनीबद्दल सांगून ठेवलं की हे चित्र कमी आणि भावनेची अभिव्यक्ती जास्त आहे. मला स्वतःला कुत्रा जास्त आवडतो, पण नक्कल करायची तर दोघांचीही नको. तिथेही बघायचं ते हेच की धून परत येताना बदलून येते का, कोण कोणाला अडवतं, शांतता कुठे आहे.

एक शंका हमखास येते, की एवढं खासगी प्रतीक लोकांना समजेल का. संत्र्याचा ताण पुण्याच्या माणसाला काय कळणार? न कळू दे. त्याला मोटर बंद कळते, विहीर अर्धी भरलेली कळते, तांदूळ निवडणं कळतं. हाताला लागेल अशी एक तरी वस्तू प्रत्येक कडव्यात ठेवा आणि तळटीप देऊन समजावत बसू नका. शीर्षकात रागाचं नावही देऊ नका, एकदा 'मारवा' असं शीर्षक दिलं की वाचणारा कविता वाचायचं सोडून मारवा शोधत बसतो. लिहून झाल्यावर गाणं बंद करून कविता मोठ्याने वाचा, आणि मग ज्याला रागदारीतलं ओ की ठो कळत नाही अशा कोणाला तरी वाचून दाखवा. त्याने विचारलं की 'मग पाऊस आला का?' तर समजा जमलं. 'छान लिहिलंय' म्हणाला तर परत वही उघडा.

आणि एक प्रतीक एका कवितेत वापरून फेकून देऊ नका. संत्र्याच्या दुसऱ्या, आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा थंडी असते, विहिरी बऱ्यापैकी भरलेल्या असतात आणि बागेत शिरण्याआधीच वास येतो. त्या दिवसांत तेच झाड घ्या आणि रात्री बिहाग ऐका. यात षड्ज लपत नाही, पंचमही आहे, गंधारावर निवांत बसता येतं आणि तीव्र मध्यम हळूच डोकावून जातो. मे महिन्यातल्या कवितेतली मोटर आता चालू आहे. तिच्या आवाजात घरात कोण काय बोलतं, तिथून पहिली ओळ लिहायला घ्या.