गड्ड्याच्या यात्रेआधी घरात करून ठेवायची डोळे, कान, घसा आणि तोंडाची तयारी

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी सोलापुरातील घरे पाहुण्यांनी भरतात आणि होम मैदानावरची धूळ व रात्रीचा गारठा अंगावर घेऊनच मुले परततात. म्हणून पुढील तयारी भोगीच्या आधीच उरकावी.

सर्वप्रथम तंबाखूसोबतच्या चुन्याच्या पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात. पुडी दाबताना फुटून चुना डोळ्यात उडाला, तर तो बुबुळ भाजतो आणि पापणीखाली चिकटून राहिल्यास भाजतच राहतो. अशा वेळी तूप, दूध किंवा गुलाबपाणी शोधण्यात एक क्षणही न घालवता, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा किमान 20 मिनिटे धुवावा आणि दुखणे थांबले तरी तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात त्यासाठी एक झाकलेली बादली व तांब्या राखून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

डोळे आलेल्या व्यक्तीचा टॉवेल व उशी वेगळी करावी. कपाटातील जुने, उघडलेले थेंब टाकून द्यावेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास काही संसर्ग बळावतात. नजर धूसर झाली, उजेड सोसेना किंवा डोळा ठणकू लागला, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

गड्ड्यातून आणलेल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांचे झाकण स्क्रूने घट्ट बसले आहे का, हे खेळणे हातात देण्यापूर्वी पाहावे. आतील चपटा बटण सेल नाकात, कानात किंवा अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो; तो घरी काढू नये, थेंबही घालू नयेत, थेट रुग्णालय गाठावे. वाहत्या कानात तेल घालू नये, तो कोरडा ठेवावा. कानामागे सूज आल्यास थांबू नये.

घशासाठी मीठ आणि वजनानुसार मात्रा विचारून घेतलेले पॅरासिटामॉल पुरे. घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते, त्यामुळे अँटिबायोटिक मनाने सुरू करू नये. मात्र मुलाची लाळ गळू लागली आणि श्वासाला घरघर आली, तर 108 ला फोन करावा.

तंबाखू किंवा मावा खाणारे वडीलधारे आले असतील, तर त्यांच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात का आणि तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा आहे का, हे आदराने विचारावे. असे काही आढळल्यास गावी परतण्यापूर्वीच त्यांना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवून आणावे.