कॉन्व्हेंट शाळेत मूल घालताना: नर्सरीच्या फॉर्मपासून दहावीच्या दाखल्यापर्यंत

वसईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेच्या ऑफिसात मी 27 वर्षं काम केलं. ॲडमिशनची खिडकी माझ्याकडे होती. नर्सरीचा फॉर्म न्यायला आलेली आई आणि तेरा वर्षांनी त्याच मुलाचा दाखला न्यायला आलेली तीच आई, असं कितीतरी जणींना मी पाहिलं. मधल्या वर्षांत जे घोळ झाले, त्यातले बरेचसे कुणी वेळेवर विचारलं असतं तर झालेच नसते. पालक विचारायला बिचकतात. ख्रिस्ती नसलेले जास्तच बिचकतात, आणि आमचे स्वतःचे लोकही सिस्टरांसमोर गप्प उभे राहतात. म्हणून जे खिडकीतून सांगत आले, ते इथे सविस्तर सांगते.

आधी नाव. नर्सरीचा फॉर्म भरताना तुम्ही जे नाव लिहिता, ते शाळेच्या जनरल रजिस्टरात चढतं. जाड पुठ्ठ्याची आडवी वही असते ही, दोन्ही हातांनी उचलावी लागते. त्यातला जी.आर. नंबर मुलाला शेवटपर्यंत चिकटतो आणि त्यातलंच नाव दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर जातं. आमच्या भागात डिमेलो आडनावाची घरं पुष्कळ. इंग्रजीत कुणी डी नंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी देतं, कुणी मोकळी जागा सोडतं, कुणी सगळं एकत्र लिहितं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरं. एका मुलीचा फॉर्म वडिलांनी घाईत भरला होता आणि मी तो जन्मदाखल्याशी न ताडता तसाच रजिस्टरात उतरवला. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मची वेळ आल्यावर चूक दिसली. प्रतिज्ञापत्र, शाळेचा प्रस्ताव, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, असं सगळं करताना त्या माणसाचे कितीतरी दिवस खाड्याचे गेले. त्यानंतर मी प्रत्येक फॉर्म पालकांना मोठ्यानं वाचायला लावायचे.

तर जन्मदाखला समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर तसंच लिहा, इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे. आधार चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, शाळेत मागाहून बदलू म्हणू नका. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरातली नोंद रीतसर बदलता येते. शाळा सोडल्यावर उघड दिसणारी लेखनचूक सोडली तर ते फार अवघड होऊन बसतं. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा सरकारी क्रम आहे. ही मुलं आता नर्सरीच्या वयाला येतील, तेव्हा फॉर्मचे रकाने नीट बघा.

वयाचा हिशोब सोपा आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला नर्सरीसाठी 3 वर्षं आणि पहिलीसाठी 6 वर्षं पूर्ण हवीत. जानेवारीत जन्मलेल्या मुलाची आई दरवर्षी रडवेली होऊन खिडकीशी यायची. मी तिला एवढंच म्हणायचे, बाई, तुमचं मूल वर्गातलं मोठं असेल, त्याला सगळं जरा सोपं जाईल.

जागा कुणाला आधी मिळते, हा खरा नाजूक प्रश्न. ख्रिस्ती शाळा अल्पसंख्याक संस्था असते. राज्यघटनेच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणहक्क कायदा अशा शाळांना लागू नाही असा निकाल दिला, म्हणून त्या कायद्यातल्या दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के जागांचा ऑनलाइन अर्ज करताना तुम्हाला तिथे कॉन्व्हेंटचं नाव सापडत नाही. पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या हद्दीतल्या, कॅथलिक मुलांना सहसा पहिला मान असतो, मग इतर पंथांचे ख्रिस्ती, मग ज्यांचं भावंड शाळेत आहे ते, मग बाकीचे. प्रत्येक शाळेचा क्रम थोडा निराळा असतो. तो विचारा, माहितीपत्रकात छापलेला असेल तर दाखवा म्हणा. कॅथलिक असाल तर बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर धर्मगुरूंचं पत्र लागतं आणि ते आदल्या दिवशी संध्याकाळी मागायला जाऊ नका. फादर रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, भेटतात, तेव्हाच सांगून ठेवा. बाकीच्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा की जागेसाठी धर्म बदलायला कुणी सांगत नाही. असा प्रश्न मला दबक्या आवाजात अनेकदा विचारला गेलाय आणि दरवेळी वाईट वाटलंय.

देणगीचं म्हणाल तर महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्याला 1987 पासून कायद्यानं बंदी आहे, अल्पसंख्याक शाळांनाही. शाळेच्या नावे पावती नसलेला एक रुपयाही देऊ नका, मग मागणारा कितीही ओळखीचा असो.

आता एक गोष्ट, जी ऑफिसातल्या लोकांना माहीत असते आणि पालकांना पुष्कळदा नसते. जुन्या कॉन्व्हेंट शाळांमध्ये पहिली ते दहावी अनुदानित असू शकते, म्हणजे शिक्षकांचे पगार सरकार देतं. केजीचा विभाग मात्र विनाअनुदानित असतो. म्हणून केजीची फी जास्त आणि पहिलीची कमी, असं उलटं चित्र दिसतं. विचारायचं ते दोनच गोष्टींचं. सीनियर केजीतून मूल आपोआप पहिलीत जातं की नवा फॉर्म भरावा लागतो? आणि पहिलीच्या किती तुकड्या अनुदानित आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर न घेतलेली एक आई मार्चमध्ये खिडकीपाशी आली, तेव्हा पहिलीची यादी लागून गेली होती.

विनाअनुदानित भागाची फी ठरताना बोलण्याचा तुम्हाला अधिकार आहे. 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतला पालक सोडत काढून घेतात. फीवाढ त्या समितीपुढे यावी लागते. चिठ्ठ्या काढायच्या दिवशी हॉलमध्ये पंधरा-वीस पालक असायचे, आणि फी वाढल्यावर फाटकाशी दोनशे. जूनमधल्या त्या सभेला जा. फी भरायची ऐपतच नसेल तर लपवू नका, मुलाला घरी ठेवू नका. प्रिन्सिपल सिस्टरांना अर्ज लिहा. पुष्कळ पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं असतात, ती गाजावाजा न करता वह्यापुस्तकांची, फीची मदत करतात. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचाही कुठे कुठे निधी असतो.

शाळा सुरू झाली की हातात डायरी येते. पहिली काही पानं प्रार्थनांची, मग नियम, मग सुट्ट्या, मग रिमार्कची पानं. पालक सही करतात ती नियमांच्या खाली, न वाचता. तसं करू नका. रविवारी चहा घेताना दोघांनी मिळून वाचा आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलीनं खूण करा.

धर्माचं आधी बघा. सकाळच्या असेंब्लीत राष्ट्रगीत, राज्यगीत आणि प्रतिज्ञा असते, आणि ख्रिस्ती शाळेत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थनाही असते. आठवड्यातल्या एक-दोन तासांना वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. मूल्यशिक्षणात खरं बोलणं, आजीआजोबांशी वागणं, पाणी वाया न घालवणं असले विषय असतात. तुमच्या मुलाला धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवायचं तर तुमची संमती लागते. मान्यताप्राप्त शाळेत संमतीशिवाय कुणाला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असं घटनेचं कलम 28 सांगतं. म्हणजे तुमचं मूल प्रार्थनेच्या वेळी नुसतं शांत उभं राहिलं तरी चालतं. हे मी स्वतः भाविक कॅथलिक असून सांगते आहे. प्रार्थना मनातून यावी लागते, लहान मुलाला धाक घालून ती येत नाही. कॅथलिक पालकांनी मात्र एक ध्यानात घ्यावं: पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) रविवारच्या वर्गात वेगळी नाव नोंदवून करावी लागते, शाळेतल्या तासांवर विसंबून राहू नका.

मग येतात मेंदी, बांगड्या आणि टिकली. बऱ्याच डायऱ्यांमध्ये या तिन्हींना मनाई लिहिलेली असते. गौरी-गणपतीनंतर दुसरीतली एक मुलगी दोन्ही हात पाठीमागे लपवून ऑफिसच्या दारात उभी होती. तळहातावर फिकट होत आलेली मेंदी, बाईंनी पाठवलं होतं रिमार्क लिहून न्यायला. मी डायरी घेतली, काही लिहिलं नाही, आत सिस्टरांकडे गेले. राखेच्या बुधवारी, म्हणजे आमच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमची मुलं कपाळावर राख लावून येतात, ती कुणी पुसायला लावत नाही. मग सणाची मेंदी आणि आईनं लावलेली टिकली का खुपावी? सिस्टर थोडा वेळ गप्प बसल्या आणि त्या वर्षीपासून सणानंतर आठवडाभराची सवलत डायरीत छापली गेली. तुमच्या शाळेत अशी ओळ नसेल तर सणाच्या आधीच दोन ओळींची चिठ्ठी लिहा: ‘घरी सण आहे, मुलीच्या हातावर मेंदी असेल, कृपया परवानगी द्यावी.’ बहुतेक ठिकाणी मिळते. आधी चिठ्ठी गेली की मूल दारात हात लपवून उभं राहत नाही.

सुरक्षिततेच्या नियमांबाबत मात्र मी कडक आहे, तुम्हीही राहा. लहान वर्गांची मुलं बाथरूमला कुणाबरोबर जातात, तिथे मावशी कायम असते का, कॅमेरे कुठे आहेत, व्हॅनमध्ये बाई असते का, हे पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. मुलाला न्यायला येणाऱ्याचं फोटोचं कार्ड असतं. एकदा धुवाधार पावसात अर्ध्या दिवसानं शाळा सोडली आणि एका मुलाचा सख्खा मामा कार्डाशिवाय आला. मूल ‘मामा’ म्हणून धावलं, तरी आईला फोन लागेपर्यंत मी पाऊण तास दोघांना बाकावर बसवलं. मामा चिडले होते. आईनं दुसऱ्या दिवशी येऊन माझा हात धरला. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. समितीवर कोण आहे ते विचारून डायरीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. मुलाशी काही वावगं झाल्याचा संशय आला तर ‘शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ असं कुणीही म्हणालं तरी ऐकू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक केलंय, न देणाऱ्याला शिक्षा आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मुलालाही पाठ करून द्या.

अभ्यासाचं थोडक्यात. राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, त्यातही गेलं तर तोच वर्ग. त्यामुळे चौथीपर्यंतच्या ओपन डेला बाईंनी ‘जरा लक्ष द्या’ म्हटलं तर ते सौजन्य समजू नका. मराठी 2020 च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं आठवी-नववीत मराठीच्या निबंधाला अडखळतात. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांचं तसं झालं की फार जिवाला लागतं. लहानपणापासून घरात मराठी मासिक येऊ द्या, आजीला पत्र लिहायला लावा.

दहावीला 75 टक्के हजेरी लागते. लग्नसराईत आठ-आठ दिवस मूल गावाला नेणाऱ्यांनी हे नववीतच ध्यानात घ्यावं. आजारपण असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या, फेब्रुवारीत आणलेल्या जुन्या तारखेच्या कागदाकडे कुणी बघत नाही. बोर्डाचा फॉर्म भरून झाला की प्री-लिस्ट येते. त्यावर मुलाचं नाव, आईचं नाव, विषय छापलेले असतात आणि मूल स्वतः सही करतं. पंधरा वर्षांचं पोर मित्रांच्या घोळक्यात न बघता सही ठोकतं. आदल्या दिवशी बजावून पाठवा, की प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाच.

निकालानंतर दाखला घ्यायला मुलाबरोबर स्वतः जा. खिडकीपासून हलण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्मस्थळ, धर्म हे सगळं वाचून घ्या. ख्रिस्ती मुलांच्या दाखल्यावर धर्माची नोंद नीट असणं अकरावीला उपयोगी पडतं, कारण ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजांत त्या समाजासाठी 50 टक्के जागा राखीव असतात. तुमच्या शाळेचंच ज्युनियर कॉलेज असेल तर 10 टक्के इन-हाऊस कोटा सगळ्या धर्मांच्या मुलांना मिळतो, तो पर्याय ऑनलाइन फॉर्ममध्ये वेगळा निवडावा लागतो. दाखल्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा, मूळ प्रत लॅमिनेट करू नका. आणि नर्सरीच्या वेळी बाप्तिस्म्याचा किंवा जन्माचा मूळ दाखला फाइलला दिला असेल, तर तोही त्याच दिवशी मागून घ्या. आमच्या कपाटात असे किती तरी पिवळे पडलेले कागद तेरा-तेरा वर्षं पडून होते.