बाळाचे डोस: या चुका टाळा

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत तारखा कोणी बघत नाही. सगळी माणसं डोंगरावर बोंडू वेचायला आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड फळीवरच्या डब्यात. अशात दीड महिन्याचा डोस राहून जातो. तेवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते नंतर: ‘तारीख गेली, आता सिस्टर ओरडणार, सगळं पहिल्यापासून घ्यावं लागणार’ म्हणून उपकेंद्राची वाटच सोडली जाते.

पहिल्यापासून घ्यावं लागत नाही. पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) एक डोस झाला आणि दुसरा तीन महिने लांबला, तरी दुसराच देतात. दोन डोसांत किमान ४ आठवडे हवेत, एवढंच. वयाची मर्यादा मात्र आहे. बीसीजी (क्षयरोगाची लस) वर्षाच्या आत व्हायला हवी, रोटाव्हायरस (जुलाबाची लस) आणि पेंटाव्हॅलंट निदान सुरू तरी वर्षाच्या आत. गोवर-रुबेला राहिली असेल तर ५ वर्षांपर्यंत मिळते. आणि सिस्टर ओरडली तर ओरडू दे. (न ओरडता तारीख लिहून दिली तर आया जास्त येतील, हे माझं मत.)

दुसरा घोळ माहेरचा. बाळंतपण महाराष्ट्रात दोडामार्गाला किंवा कर्नाटकात खानापूरला, पहिले डोस तिथेच, आणि कार्डही तिथेच राहतं. सासरी आल्यावर काय दिलं, काय राहिलं, कोणालाच सांगता येत नाही. सरकारी वेळापत्रक देशभर जवळपास सारखंच आहे, त्यामुळे पुढचा डोस गोव्यात घेता येतो. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो बाळाच्या बापाच्या आणि आजीच्याही मोबाईलवर ठेवा. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) नोंद झाली असेल तर तेव्हा दिलेला मोबाईल नंबर सांगा. नंबर बदलला असेल तर तेही सांगा.

पल्स पोलिओच्या रविवारी थेंब पाजले म्हणून कार्डावरचा पोलिओ डोस सोडू नका. ते थेंब जादाचे असतात.

‘नाक वाहतंय, आज नको’ हे घरोघरी ऐकू येतं. साधी सर्दी, थोडा खोकला, किंचित कणकण असली तरी लस देता येते. पोर खूप तापलेलं किंवा खरोखर आजारी असेल तर थांबावं, पण ते घरी न ठरवता नर्सला दाखवून ठरवा. आधीच्या डोसाला फिट आली असेल किंवा अंगावर मोठी रिअॅक्शन उठली असेल, तर ते न विचारताही सांगा.

डोसानंतर अर्धा तास तिथेच बसा. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते. सुजेवर थंड पाण्याची घडी ठेवा, शेकू नका; तापाचं औषध सिस्टर सांगेल त्याच मापाने द्या. बीसीजीचं वेगळं आहे. काही आठवड्यांनी दंडावर पुळी येते, पिकते, फुटते आणि वण राहतो. त्यावर हळद, खोबरेल, मलम काहीही लावायचं नाही. आमच्याकडे आजीला हे पटवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पुळी सुकलीसुद्धा.

सगळ्यात मोठी गळती नऊ महिन्यांनंतरची. गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला की ‘डोस संपले’ असं घर धरून चालतं. खरं तर १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर असतो, आणि ५ वर्षांनंतर पुन्हा डीपीटी. तोवर पोर अंगणात धावत असतं, आई कामावर परतलेली असते. अंगणवाडीत नाव घातलं त्याच दिवशी कार्ड बाईंना दाखवा.

जायचं तेव्हा सकाळीच जा. गोवर-रुबेला आणि बीसीजीच्या कुपीतली पावडर एकदा द्रवात मिसळली की ४ तासांत टाकून द्यावी लागते. दुपारची कदंबा बस धरून सत्र उरकताना पोचलात, तर पुढची तारीख घेऊन परत यावं लागेल.