एक्झॉस्ट बदलल्यानंतरचे अडखळणे: माझा अनुभव

माझ्या स्पोर्ट बाइकला मी पूर्ण एक्झॉस्ट आणि जास्त हवा खेचणारा एअर फिल्टर एकाच दिवशी बसवला, आणि त्यानंतर थ्रॉटल सोडला की फटाके फुटल्यासारखे आवाज येऊ लागले, शिवाय ४,००० ते ५,००० आरपीएमच्या दरम्यान गाडी अडखळू लागली. स्पार्क प्लग काढून पाहिला, तर फिकट तपकिरी असायला हवे ते टोक खडूसारखे पांढरे पडले होते. हवा वाढली होती, पण ईसीयू (इंजिनला किती पेट्रोल द्यायचे ते ठरवणारा छोटा संगणक) जुन्याच हिशेबाने पेट्रोल देत होता. अशा पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणावर जोरात गाडी चालवत राहिल्यास पिस्टन आणि व्हॉल्व्ह कायमचे खराब होऊ शकतात.

फ्युएल मॅपला, म्हणजे ईसीयूमधल्या पेट्रोलच्या हिशेबाच्या तक्त्याला हात लावण्यापूर्वी एक्झॉस्टची गळती तपासली, हे फार बरे झाले. हेडरच्या (इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या नळीच्या) जोडावर काजळीची बारीक रेघ दिसली, कारण मी जुनेच गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) पुन्हा वापरले होते. तेथून बाहेरची हवा आत शिरली की ऑक्सिजन सेन्सरचे मापनही चुकते. नवे गॅस्केट घालून नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतील मापानुसार आवळले आणि मगच डायनोवर (गाडी जागेवरच चालवून इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नवा फ्युएल मॅप करून घेतला. पूर्ण थ्रॉटलला हवा आणि पेट्रोलचे प्रमाण १३:१ च्या आसपास आणल्यावर अडखळणे थांबले.